डाव्या बाहीची उसवलेली शिवण: स्तनकर्करोगानंतरच्या लिम्फेडिमाचं एक प्रकरण

ब्लाऊजच्या डाव्या बाहीची शिवण उसवून घ्यावी लागली, तेव्हा रेडिएशन संपून सात महिने झाले होते. उजवी बाही मात्र जुन्याच मापात नीट बसत होती. संध्याकाळी हात जड व्हायचा, बांगड्या साबण लावून काढाव्या लागायच्या, आणि सकाळी उठल्यावर सगळं जागच्या जागी. सकाळी बरं दिसतं म्हणून दवाखान्यात जायचं राहून गेलं. नेमके उपचार सुरू झाले ते आणखी नऊ महिन्यांनी, हात लालबुंद होऊन ताप १०२ वर गेल्यावर.

हा लिम्फेडिमा, म्हणजे लसीकाद्रव (लिम्फ) साचून येणारी हाताची सूज. हे प्रकरण एका विशिष्ट व्यक्तीचं नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या रुग्णांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते मांडलं आहे. मोजमापं उदाहरणादाखल आहेत, पण प्रत्यक्षात येतात त्याच पट्ट्यातली.

रुग्ण आणि आधीचे उपचार

वय ५४, सातारा जिल्ह्यातलं गाव, घरची शेती आणि दोन म्हशी. उंची १५२ सेंमी, वजन ६८ किलो, म्हणजे बीएमआय २९.४. सगळी कामं उजव्या हाताने. कर्करोग डाव्या स्तनाचा. पूर्ण स्तन काढला, काखेतल्या १७ लसीकाग्रंथी काढल्या, त्यांपैकी ४ मध्ये कर्करोग सापडला. मग किमोच्या आठ सायकल, त्यातल्या शेवटच्या चार टॅक्सेन गटातल्या औषधांच्या. त्यानंतर छाती आणि गळ्याच्या हाडाच्या वरचा भाग मिळून रेडिएशनच्या १५ बैठका. रुग्णांच्या भाषेत ‘लाईट’. आता रोज लेट्रोझोल या संप्रेरकविरोधी औषधाची गोळी.

‘गाठी काढल्या’ या बोलीतल्या शब्दाने इथे बराच घोटाळा होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, रोगाच्या गाठी होत्या, त्या गेल्या, बरं झालं. काखेतल्या लसीकाग्रंथी हे शरीराचे नेहमीचे अवयव आहेत. हात, छाती आणि पाठीच्या वरच्या भागातून येणारा लसीकाद्रव त्यांच्यातून गाळला जाऊन पुढे जातो. केशवाहिन्यांतून ऊतींमध्ये झिरपलेलं पाणी आणि मुख्य म्हणजे प्रथिनं परत रक्तात नेण्याची वाट हीच. ग्रंथी काढल्या आणि उरलेल्या भागावर रेडिएशनने वण धरला की वाट अरुंद होते. काही काळ उरलेल्या वाहिन्या जास्त काम करून निभावून नेतात, म्हणूनच सूज ऑपरेशननंतर लगेच न येता बऱ्याचदा पहिल्या दोन-तीन वर्षांत येते. साचलेली प्रथिनं पाणी धरून ठेवतात, दाह चालू राहतो, हळूहळू तंतुमय ऊती आणि चरबी वाढते. एकदा हे झालं की हात उशीवर ठेवून सूज उतरत नाही. सकाळी हात बरा दिसायचा तो काळ पहिल्या टप्प्याचा होता, आणि हातातून गेला तोही तोच.

काखेतल्या ग्रंथी पूर्ण साफ केलेल्या पाच रुग्णांपैकी साधारण एकीला लिम्फेडिमा होतो. फक्त सेंटिनल, म्हणजे पहिल्या एक-दोन ग्रंथी काढल्या तर हे प्रमाण ५ ते ६ टक्क्यांवर येतं. या बाईंच्या बाबतीत जोखमीच्या तिन्ही मोठ्या गोष्टी जमल्या होत्या: काखेची पूर्ण सफाई, ग्रंथींच्या भागावर रेडिएशन, आणि जास्त वजन. तरीही ऑपरेशनच्या आधी दोन्ही हातांची मापं कुणी घेतली नव्हती. आमच्या मते या प्रकरणातली सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. टेप आणि पाच मिनिटं एवढाच काय तो खर्च.

मधले नऊ महिने

या काळात काहीच केलं नाही असं नाही. बरंच केलं, आणि त्यातलं बहुतेक उलटं पडलं.

मेडिकलमधून आणलेलं क्रेप बँडेज मनगटापासून दंडापर्यंत गुंडाळलं जायचं. क्रेप लांब ताणलं जातं, त्यामुळे हात स्वस्थ असतानाही ते दाबत राहतं आणि स्नायू फुगला की सैल देतं. लसीका ढकलायला नेमकं याच्या उलट हवं. शिवाय बोटं आणि पंजा उघडे राहिल्याने पाणी पंज्यात उतरलं. पुढे ‘एल’ साइजचा तयार स्लीव्ह, म्हणजे हातावर दाब देणारी घट्ट बाही, आणला, तोही हात न मोजता. वरची पट्टी दंडात रुतायची आणि पंजा आणखी फुगायचा.

गावातल्या मालिशवाल्या बाईंकडून दोन महिने तेल लावून जोरात मालिश झालं. अशा रगडण्याने रक्तपुरवठा वाढतो, म्हणजे झिरपणारं पाणीही वाढतं, आणि त्वचेलगतच्या नाजूक वाहिन्यांना इजा होऊ शकते. लघवी होण्याच्या गोळ्याही काही आठवडे चालल्या. त्यांनी पाणी जातं, प्रथिनं जागीच राहतात आणि गोळी थांबली की पाणी परत भरतं. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या दुसऱ्या कारणासाठी या गोळ्या चालू असतील तर बंद करू नयेत, पण लिम्फेडिमावर तो उपचार नव्हे. कूमारिन या औषधाचंही तसंच: १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फायदा दिसला नाही, वर यकृताला इजा होण्याचा धोका.

आणि सगळ्यात जास्त पाळलेला सल्ला म्हणजे ‘हा हात वापरू नका’. धार काढणं बंद, पाण्याची कळशी बंद, हात छातीशी धरून चालणं सुरू. खांदा १२० अंशांच्या वर जाईना. स्नायूंचं आकुंचन हाच लसीकेचा पंप आहे. तो बंद पडला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, लिम्फेडिमा असलेल्या १४१ स्त्रियांच्या चाचणीत हळूहळू वाढवलेल्या वजनांच्या व्यायामाने सूज वाढली नाही, उलट ती अचानक बळावण्याचे प्रसंग कमी झाले. त्या हाताने रक्त देणं, रक्तदाब मोजणं, विमानप्रवास यांचंही भय गरजेपेक्षा जास्त पसरलेलं आहे. अमेरिकेत ६३२ रुग्णांचे हात वारंवार मोजून २०१६ मध्ये मांडलेल्या अभ्यासात या गोष्टींचा सूज वाढण्याशी संबंध सापडला नाही. वजन, काखेची सफाई, ग्रंथींवरचं रेडिएशन आणि सेल्युलायटिस (त्वचेखालचा जंतुसंसर्ग) यांचा सापडला. दुसरा हात मोकळा असेल तर सुई तिथे टोचावी, एवढं पुरे. त्यासाठी हात गळ्यात बांधून बसायचं कारण नाही.

शेजारपाजारचा प्रश्न एकच: हत्तीपाय हाताला होतो का? विदर्भात, चंद्रपूर-गडचिरोलीकडे, हत्तीरोगही लसीकावाहिन्या निकामी करूनच सूज आणतो, पण तो डासांमार्फत येणाऱ्या जंतांमुळे. इथे कारण उघड होतं आणि ते कुणाला लागणारं नव्हतं. हे स्पष्ट सांगितल्यावर घरात वेगळा ठेवलेला तांब्या परत फळीवर गेला.

ताप आला तेव्हा

ऑगस्टमध्ये सोयाबीनच्या खुरपणीत तर्जनीला काटा रुतला. दोन दिवसांत कोपराखालचा हात लाल, गरम, दुखरा, थंडी वाजून ताप. हे सेल्युलायटिस, बहुतेक वेळा स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचं. लिम्फेडिमाच्या हातात प्रथिनयुक्त द्रव साचलेला असतो आणि स्थानिक प्रतिकार दुबळा, त्यामुळे जंतूंना आयतं शेत मिळतं. प्रत्येक संसर्गाने उरलेल्या वाहिन्याही खराब होतात आणि पुढचा संसर्ग सोपा होतो. तीन दिवस शिरेतून आणि पुढे गोळ्यांनी मिळून १४ दिवस अँटिबायोटिक दिलं. या काळात मालिश आणि बँडेज पूर्ण बंद. ताप उतरून त्वचेचा दुखरेपणा गेल्यावरच पुढचं पाऊल.

तपासणी

आधी ‘ही सूज लिम्फेडिमाचीच ना?’ हे ठरवलं. एकाएकी आलेली, दुखणारी, निळसर सूज असेल तर शिरेतली गुठळी. झपाट्याने वाढणारी सूज, हाताला मुंग्या किंवा कमजोरी, गळ्याच्या हाडाच्या वर गाठ असेल तर कर्करोग परतल्याची शंका. शिरांचा डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, स्वच्छ आला, कर्करोगतज्ज्ञांच्या तपासणीत गाठ नाही. बऱ्याच वर्षांच्या जुन्या सुजेत जांभळट गाठी किंवा न भरणारी जखम दिसली तर बायोप्सीला उशीर करू नये. तो दुर्मिळ पण घातक रक्तवाहिन्यांचा कर्करोग असू शकतो. इथे तसं काही नव्हतं.

अंगठ्याने दाबल्यावर कोपराखाली खळगा पडत होता, पण उथळ. मधल्या बोटाच्या मुळाशी त्वचेची चिमूट धरता येईना. हे स्टेमरचं लक्षण. हात वर ठेवून सूज उतरत नव्हती. टप्पा दुसरा.

मग टेप. मनगटाच्या बाहेरच्या हाडापासून सुरुवात करून दर ४ सेंमीवर निळ्या पेनने खुणा, ४० सेंमीपर्यंत, दोन्ही हातांवर. टेप त्वचेला टेकवायचा, रुतवायचा नाही. प्रत्येक ४ सेंमीचा तुकडा हा कापलेला शंकू धरून आकारमान काढतात: दोन्ही घेरांचे वर्ग आणि त्या घेरांचा आपसातला गुणाकार अशी तिघांची बेरीज, गुणिले उंची, भागिले ३७.७ (म्हणजे १२ गुणिले π). कोपराखालच्या एका तुकड्यात डाव्या हाताचे घेर २८ आणि २६ सेंमी होते. ७८४ अधिक ७२८ अधिक ६७६ म्हणजे २१८८. गुणिले ४, भागिले ३७.७, म्हणजे २३२ मिली. उजव्या हाताचा तोच तुकडा २४.५ आणि २३ सेंमी, म्हणजे १८० मिली. चार सेंमीत पेलाभर नाही, पण वाटीचा तळ झाकेल एवढा, ५२ मिलीचा फरक. डोळ्याला तो ‘थोडा जाड’ एवढाच दिसतो.

एकूण उजवा हात १८७० मिली, डावा २२८०. फरक ४१० मिली, २२ टक्के. उजव्या हाताने काम करणाऱ्यांचा उजवा हात मुळातच किंचित मोठा असतो, म्हणजे खरी सूज याहून थोडी जास्तच. ऑपरेशनआधीची मापं असती तर हा अंदाज बांधायची वेळच आली नसती.

तीन आठवड्यांची बांधणी

सप्टेंबरमध्ये आठवड्यातून पाच दिवस, तीन आठवडे. गावाहून रोज येणं शक्य नव्हतं, म्हणून मुक्काम पुण्यात नातेवाइकांकडे, सोबत सून. पद्धतीचे चार भाग: त्वचेची निगा, हलक्या हाताने लसीका-निचरा, अनेक थरांचं बँडेज, आणि बँडेज असतानाच व्यायाम. निचऱ्याची हस्तपद्धती डेन्मार्कच्या एमिल वोडर यांनी १९३० च्या दशकात मांडली. ती बँडेज आणि व्यायामाशी जोडून पूर्ण उपचार उभा केला तो जर्मनीतल्या फोल्डी दांपत्याने.

निचऱ्यात आधी पुढची वाट मोकळी करतात: मान, मग उजवी काख, मग डावी जांघ. त्यानंतर छातीवरून उजव्या काखेकडे आणि कुशीवरून जांघेकडे, आणि सगळ्यात शेवटी हात. हातातही आधी दंड, मग कोपराखालचा भाग, मग पंजा. पण प्रत्येक हालचालीची दिशा वरच. कातडी सरकली पाहिजे, खालचा स्नायू दाबला जाता कामा नये. कणीक मळण्याचा जोर इथे चालत नाही. रुग्णांना हा भाग आवडतो आणि श्रेय सगळं यालाच जातं. सूज उतरवण्याचं खरं काम मात्र बँडेज करतं.

बँडेजचा क्रम असा होता. मॉइश्चरायझर लावून सुती नळीचं अस्तर, अंगठ्याला भोक पाडून. मग ४ सेंमी रुंद जाळीदार पट्टी: मनगटाला एक वेढा, तिथून एकेक बोट नखाच्या मुळापासून खाली, शेंडे उघडे. त्यावर मऊ कापसी पॅडिंग, कोपराच्या घडीत दुप्पट. पंज्याच्या मागच्या खोलगटात फोमचा तुकडा. मग कमी ताणाची बँडेजेस: पंजा-मनगटाला ६ सेंमी, मनगटापासून कोपरापर्यंत ८ सेंमी इंग्रजी आठच्या आकड्यासारखं, आणि शेवटी १० सेंमी रुंदीचं काखेपर्यंत, उलट्या दिशेने. प्रत्येक वेढा आधीच्याचा अर्धा भाग झाकणारा. पंजा बांधताना बोटं फाकलेली, पुढचा भाग बांधताना मूठ वळलेली. टोकाला चिकटपट्टी, धातूची क्लिप टोचते. दिवसाचे २२-२३ तास हे हातावरच.

“किती ओढायचं?” हा सुनेचा पहिला प्रश्न. उत्तर असं, की सगळीकडे ताण सारखाच ठेवायचा. मनगट बारीक असल्याने तिथे दाब आपोआप जास्त पडतो आणि दंडाला कमी. दाबाचा उतार मुद्दाम करायला गेलं की तो हमखास चुकतो. बांधून झालं की नखाचा शेंडा दाबून सोडायचा. दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. “आत्या, बोटं हलवा बघू,” हे तिचं रोजचं वाक्य झालं. मुंग्या, निळेपणा, ठणका आला तर वाट न पाहता सोडायचं.

तिसऱ्या दिवशी कोपरात बँडेज गोळा होऊन दोरीसारखं काचलं. पॅडिंग पातळ पडलं होतं. पाचव्या दिवशी कोपराखालचा घेर कमी, पण पंजा मात्र फुगलेला. चौकशीत कळलं, भाकरी थापायला पंज्याचं बँडेज सोडून ठेवलं जात होतं. वर दाब आणि खाली मोकळं, मग पाणी जाणार कुठे? ‘स्वयंपाक करू नका’ सांगून हे सुटत नाही. वेळ बदलली: सकाळी बँडेज उतरवायचं, आंघोळ, मग भाकरी, आणि तासाभरात पुन्हा बांधणी. बाकी वेळी भांड्यांना मोठ्या मापाचा रबरी मोजा, बँडेजवरून.

व्यायाम दिवसातून दोनदा, वीस मिनिटं: पोटाने पाच खोल श्वास, खांदे वर-मागे, हात डोक्यावर, कोपर वाकवणं, मनगट फिरवणं, मूठ उघड-मीट, प्रत्येकी दहा वेळा. नुसता चेंडू दाबत बसल्याने पंज्याच्या पलीकडे फार काही हलत नाही.

१५ बैठकांनंतर डावा हात २०२० मिली. फरक ४१० वरून १५० वर, म्हणजे जादा सुजेपैकी ६३ टक्के गेली. खांदा १५५ अंशांपर्यंत.

स्लीव्ह

लागोपाठच्या मापांत हात उतरायचा थांबला, तेव्हाच स्लीव्हचं माप घेतलं, सकाळी, बँडेज उतरवल्या उतरवल्या. दोन दिवस आधी घेतलं असतं तर स्लीव्ह आठवड्यात ढिला पडला असता. सपाट विणीचा, मापानुसार, दाबाच्या दुसऱ्या श्रेणीचा (पाऱ्याचे २३ ते ३२ मिमी), आणि पंजा सुजतो म्हणून सोबत हातमोजा. दोन जोड, आलटून-पालटून. रोज सौम्य साबणाने धुवायचा, पिळायचा नाही, सावलीत वाळवायचा. चढवताना दुसऱ्या हातात रबरी मोजा घातला तर पकड येते. तेल किंवा क्रीम रात्री. सकाळी लावलं तर स्लीव्ह घसरतो आणि विणही खराब होते. पहिले तीन महिने रात्री बँडेज.

शेतात जाताना जाड हातमोजे. काटा, चावा, भाजणं, काहीही झालं की साबणाने धुऊन जंतुनाशक मलम. घरात अँटिबायोटिकची डॉक्टरांनी लिहून दिलेली पट्टी आणि ती कधी सुरू करायची याची स्पष्ट सूचना, कारण रात्री ताप भरला तर तालुक्याला पोचेपर्यंत सकाळ होते. वजनाचा व्यायाम अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीने, स्लीव्ह घालून, एक दिवसाआड दहा-दहाचे दोन फेरे. दोन आठवडे हात जड झाला नाही तरच पाव किलो वाढवायचं. म्हशीची धार महिन्याभराने पुन्हा सुरू झाली.

लसीकावाहिनी शिरेला जोडण्याच्या सूक्ष्म शस्त्रक्रियेची चौकशी घरच्यांनी केली. ती वाहिन्या अजून चालत असताना, तंतुमयता कमी असताना जास्त उपयोगी पडते, आणि नंतरही बऱ्याच जणींना दाबाचे कपडे लागतात. चरबी साचून घट्ट झालेल्या हातासाठी लायपोसक्शन असतं. त्यानंतर तर स्लीव्ह आयुष्यभर. इथे सूज बँडेजनेच उतरत होती, म्हणून तो विषय बाजूला ठेवला.

पुढचे महिने

डिसेंबरमध्ये फरक १४० मिली. मार्चमध्ये ज्वारीची काढणी झाली आणि तो २३० वर गेला. कारणं दोन निघाली. दुपारच्या उन्हात स्लीव्ह नकोसा होऊन पिशवीत जायचा. आणि दोन्ही स्लीव्ह सहा महिने रोज वापरून, धुऊन ताण गमावून बसले होते. चढवायला सोपा झालेला स्लीव्ह बाद झालेला असतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. उलट तो ‘अंगवळणी पडला’ म्हणून बरं वाटत होतं. आठवडाभर सुनेनेच घरी बँडेज बांधलं, नवीन माप दिलं, काढणीची वेळ पहाटेवर आणली. एप्रिलमध्ये फरक १५५. वजन तोवर ६४ किलो.

शेजारच्या वाडीतल्या एका बाईंचं याच काळात स्तनाचं ऑपरेशन ठरलं. त्यांच्या दोन्ही हातांची मापं आधीच घेतली आहेत, पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी घ्यायची आहेत. मूळ मापापेक्षा ५ टक्के वाढ दिसली, तर डोळ्याला सूज दिसायची वाट न पाहता चार आठवडे दिवसाचे १२ तास स्लीव्ह, आणि पुन्हा मोजणी.

आमच्या रुग्णाच्या घरात कॅलेंडरमागे एक कागद खोचलेला आहे. दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळी, स्लीव्ह चढवण्याआधी चार मापं: पंजा, मनगट, मनगटापासून १२ सेंमी आणि २८ सेंमी. कुठल्याही खुणेवर एक सेंमी वाढली आणि आठवड्यात उतरली नाही, तर फोन. लाली किंवा ताप असेल तर आठवडा नाही, त्याच दिवशी.